नंबर खरा, माल खोटा

कवठे महांकाळकडच्या एका दुकानदारांचा प्रश्न असा आहे: “माझं जनरल आणि इलेक्ट्रिकलचं छोटं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी गाडीवर माल घेऊन येणाऱ्या एकाकडून नावाजलेल्या कंपन्यांचे मोबाइल चार्जर आणि वायरची बंडलं घेतली. नेहमीच्या एजन्सीपेक्षा २२ टक्के स्वस्त पडली. घेण्याआधी चार्जरच्या खोक्यावरचा क्यूआर स्कॅन केला, तर ‘अस्सल उत्पादन’ असं आलं. वायरवरचा आयएसआयचा नंबर सरकारी ॲपवर टाकला, तोही बरोबर निघाला. आता एक गिऱ्हाईक चार्जर घेऊन परत आलंय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी त्याला ‘हा आमचा मालच नाही’ म्हणून सांगितलं. सगळं तपासूनही असं कसं झालं? इथून पुढं माल ओळखायचा कसा? आणि उरलेल्या १४ चार्जरचं आणि ११ बंडलांचं काय करू?”

तुमचं तपासणं चुकलं नाही. वायरवरचा तो नंबर खराच आहे. फक्त तो दुसऱ्याचा उचललेला आहे.

मी १९९८ साली सांगलीत, गणपती पेठेतल्या एका होलसेल दुकानात सायकलवरून खोकी पोचवायच्या कामाला लागलो. मग सेल्समन झालो, मग स्वतःची एजन्सी टाकली. डुप्लिकेट माल न कळता घेतलाय, न कळता विकलाय आणि कळल्यावर पकडूनही दिलाय. त्यामुळे जे सांगतोय ते काउंटरच्या दोन्ही बाजूंचं आहे.

खोक्यावर नंबर दिसला की आधी तो नंबर कोणाचा आहे ते विचारायचं. कारखान्याचा, वस्तूच्या जातीचा, त्या दिवशी निघालेल्या घाण्याचा, की तुमच्या हातातल्या त्याच एका नगाचा? हे चार वेगळे नंबर आहेत. लोक चौघांनाही एकाच मापाने मोजतात, आणि नकली माल करणारे नेमके तिथेच घुसतात.

तुमच्या वायरवरचा नंबर कारखान्याचा. आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो, पीव्हीसी वायरला आयएस ६९४. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ आणि पुढे आकडे असतात. तो परवान्याचा नंबर. चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांना हे चिन्ह नसतं. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने सक्तीची नोंदणी आली, तिच्यात या वस्तू मोडतात. त्यांच्यावर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे असा नोंदणी क्रमांक लागतो. दोन्ही नंबर भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघता येतात. ॲप सांगतं की हा परवाना अमुक कंपनीच्या अमुक पत्त्यावरच्या कारखान्याला, अमुक वस्तूसाठी दिलाय आणि तो चालू आहे की संपलाय. एवढंच. त्या कारखान्यातून वर्षाला लाखो बंडलं निघत असतील, सगळ्यांवर तोच नंबर. नकली करणारा बाजारातून एक खरं बंडल विकत घेतो, त्यावरचा नंबर वाचतो आणि छापतो. त्याला एका बंडलाच्या किमतीत परवाना मिळतो!

म्हणजे ॲपने तुम्हाला खोटं सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत, या कारखान्याला परवाना आहे का? ते म्हणालं, आहे. हे बंडल त्या कारखान्यातून आलंय का, हे तुम्ही विचारलंच नव्हतं आणि विचारलं असतंत तरी ॲपला ते ठाऊक नाही.

मग तपासायचंच नाही का? तपासायचं, कारण नकली माल करणारे सगळेच हुशार नसतात. मिरजेच्या एका दुकानात मी चार्जरवरचा आर नंबर टाकून बघितला. हिरवी खूण आली आणि दुकानदार खूश झाला. मी म्हटलं, खालच्या ओळी वाचा की. नोंदणी चालू होती, पण एलईडी बल्बची आणि भलत्याच कंपनीची. त्यामुळे ‘चालू’ एवढाच शब्द बघून ॲप बंद करू नका. कंपनीचं नाव, कारखान्याचा पत्ता आणि वस्तूचं नाव खोक्याशी जुळवा. हा आळशी चोर पकडायचा उपाय आहे. मेहनती चोर यात सापडत नाही.

खाण्याच्या पाकिटावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, याच जातीतला. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला १५. केंद्राच्या परवान्याला तिथे ००. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. माझ्या पोराला हे शिकवलंय, तो आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा पापडाचं पाकीट उलटं करतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ‘सांगली’ हा शब्द जिकडेतिकडे छापलेला दिसायला लागला. अशाच एका पाकिटावर मी तो नंबर मोजला, तर आकडे तेराच भरले. पण चौदा भरले म्हणून हळद सांगलीचीच, असंही नाही. परवाना असणं वेगळं आणि पाकिटात काय भरलंय ते वेगळं.

दुसरा नंबर बारकोडचा, आणि त्याच्याबद्दल गैरसमज फार. ‘८९० ने सुरू झाला म्हणजे भारतात बनलेला खरा माल’ असं कोणीतरी सांगून ठेवलंय. ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने तो नंबर जीएस१ या संस्थेच्या भारतातल्या शाखेकडून घेतलाय. माल कुठे बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. बारकोड वस्तूच्या जातीचा असतो. २०० मिलीच्या तेलाच्या बाटलीचा बारकोड आपल्या दुकानात आणि चेन्नईच्या दुकानात एकच असणार, तसा असलाच पाहिजे, नाहीतर बिलाचं मशीन चालायचं नाही. तेव्हा बारकोड वाचला जातो म्हणून माल खरा, हे म्हणणं फुकट आहे.

तिसरा बॅच नंबर. इथून मजा सुरू होते, कारण हा नंबर सरकारला नाही, कंपनीला ठाऊक असतो. कोणती बॅच कोणत्या डेपोला गेली, ते त्यांच्या कॉम्प्युटरवर असतं. कस्टमर केअरला बॅचचा फोटो पाठवलात तर नीट चालणारी कंपनी सांगते की ही बॅच आमची आहे, किंवा ही बॅच कर्नाटकात गेली होती, तुमच्याकडे कशी आली?

बॅच नंबर कसा छापलाय तेही बघत जा. वेष्टन आधी छापून येतं, त्यावर बॅच, तारीख आणि एमआरपी पॅकिंगच्या पट्ट्यावर शाई उडवून मारतात. त्यामुळे खऱ्या मालात ही ओळ ठिपक्याठिपक्यांची दिसते, एका नगावर जरा वर तर दुसऱ्यावर जरा खाली, कधी तिरकी. नकली मालात बऱ्याचदा बॅच वेष्टनाबरोबरच छापखान्यात छापून टाकलेली असते, एकदम सरळ, सगळ्या नगांवर जागच्या जागी. इथे देखणेपणावरच संशय घ्यावा. मात्र हा नियम नाही, अंदाज आहे. काही कंपन्या लेसरने कोरतात, काही ठसा मारतात. आपल्याकडच्या खात्रीच्या मालावर कसं असतं ते डोळ्यात बसलेलं असलं की फरक कळतो.

चौथा नंबर एका नगाचा. मोबाइलचा आयएमईआय, दागिन्याचा एचयूआयडी, काही वस्तूंवर खरवडून काढायचा कोड. खरा उपयोग याचा. तो एकाच वस्तूला दिलेला असल्यामुळे दुसऱ्या वस्तूवर दिसला की चोरी उघडी पडते.

त्यावरून एक साधी परीक्षा सांगतो. तिला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एकाच मालाचे दोन नग शेजारी ठेवा. बारकोड दोन्हीवर सारखा हवा. सीरियल नंबर किंवा ‘अस्सलपणा तपासा’ म्हणून दिलेला कोड दोन्हीवर वेगळा हवा. तुमच्याकडे १४ चार्जर आहेत ना? हे वाचता वाचताच दोन खोकी काढा. सीरियल नंबर सारखे निघाले तर निकाल तिथेच लागला. छापखान्यात एका प्लेटवर हजार खोकी निघतात; हजार वेगळे नंबर छापायचे म्हणजे खर्च आणि डोकं, दोन्ही जास्त लागतं. तुमचा गाडीवाला ज्या किमतीत देतोय त्यात ते बसत नाही.

आता तुमचा क्यूआर. क्यूआर म्हणजे चौकोनात लिहिलेला मजकूर, बहुतेक वेळा एखादा वेबसाइटचा पत्ता. तो तुम्हाला कुठे नेतो ते खोकं छापणारा ठरवतो. ज्याने नकली खोकं छापलं त्याला ‘अभिनंदन, आपले उत्पादन अस्सल आहे’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं एक पान बनवायला किती वेळ लागणार? तुम्ही चोरालाच विचारलंत, बाबा तू चोर आहेस का? स्कॅन केल्यावर वर पत्ता दिसतो तो अक्षर अन् अक्षर वाचा. त्याहून बरं म्हणजे कंपनीची वेबसाइट आपल्या हाताने उघडायची, आणि तिथे नंबर हातानेच टाकायचा. खरवडायच्या कोडला आणखी एक गोष्ट बघायची असते: ‘हा कोड याआधी तपासला गेला आहे’ असं उत्तर आलं तर खोकं सोडून द्या, भले त्याच्या पुढे कंपनीचं नाव बरोबर असो. होलोग्रामबद्दल मी काही बोलत नाही. चकाकणारे, ‘ओरिजिनल’ लिहिलेले स्टिकर रिळाने विकत मिळतात.

नगाच्या नंबराचं सगळ्यात चांगलं उदाहरण सोन्याचं, आणि ते आपल्या जिल्ह्याच्या जवळचं आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडची मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. गलाईवाला म्हटलं की विटा आठवतं. त्यांच्यातले माझे एक मित्र म्हणायचे की सोनं कधी खोटं बोलत नाही, शिक्का बोलतो. जुन्या हॉलमार्कवरून कोणता दागिना कोणता, हे बाहेरच्या माणसाला ताडता येत नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात नवा दागिना विकताना तीन खुणा लागतात: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंसारखे काही अपवाद आहेत. हा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर टाकला की सराफाची नोंदणी, हॉलमार्क कुठे झाला, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. हातात अंगठी आणि ॲपवर ‘साखळी’ आलं तर पैशाचं पाकीट खिशातून काढायचंच नाही. शुद्धता कमी निघाली तर जेवढी तूट, तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळायची तरतूद आहे. अट एकच, पक्कं बिल पाहिजे.

मोबाइलचं थोडक्यात: *#०६# दाबून आलेला १५ आकडी आयएमईआय खोक्याशी आणि बिलाशी जुळवा, मग ‘केवायएम’ लिहून जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. जुना फोन घेताना तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. औषधांमध्ये जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या मालाला क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा झाला. त्यात बॅच, तारखा आणि कारखान्याचा परवाना असतो. तो पाकिटावर छापलेल्याशी आणि मेडिकलच्या बिलावरच्या बॅचशी जुळला पाहिजे. बिल न देणारं मेडिकल असेल तर बाकी सगळं तपासणं व्यर्थ.

वायरकडे येतो, कारण तुमच्या ११ बंडलांत जीवावरचं दुखणं आहे. चार्जर बिघडला तर बिघडेल, वायर भिंतीत जाते आणि वीस वर्षं कोणी बघत नाही.

वायरला नंबर बिंबर नको, काटा पुरे. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एका मीटरला जवळपास ९ ग्रॅम तांबं असतं. १.५ ला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास, २.५ ला साडेबावीस. हे कंपनीचं गणित नाही, तांब्याच्या घनतेचं आहे, कुठेही बदलत नाही. कंपन्या माप धरतात ते वायरच्या रोधावर, त्यामुळे खऱ्या मालातही वजन थोडं कमी भरू शकतं. पण नऊचं साडेआठ होईल, पाच होणार नाही. एक मीटर वायर पट्टीने मोजून कापा, वरचं पीव्हीसी सोला, तारांचा जुडगा गुंडाळा आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सराफ हसला होता. “अण्णा, आता तांब्याचं मंगळसूत्र करताय व्हय?” म्हणाला. काट्यावर साडेतीन ग्रॅम आलं तेव्हा तोही गप्प झाला. ब्लेडने एक तार खरवडली तर आत पांढरी. ॲल्युमिनियमला वरून तांब्याचा मुलामा. त्या बंडलावर छापलेलं सगळं, अगदी सगळं, बरोबर होतं.

दुसरी लबाडी लांबीत. ९० मीटर छापायचं आणि ७०–७५ भरायचं. बऱ्याच चांगल्या कंपन्या वायरवर दर मीटरला आकडा छापतात; पहिला आणि शेवटचा आकडा बघितला की वजाबाकी होते. आकडे नसतील तर आपल्या एजन्सीच्या खऱ्या बंडलाशेजारी ठेवून अख्खं वजन करा. १ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटरमध्ये नुसतं तांबंच हिशेबाने ८०० ग्रॅम होतं, त्यावर पीव्हीसी. सगळं मिळून किलोच्याही आत भरत असेल तर पुढे उलगडायची गरज नाही.

चार्जरला वजनाचा तितका भरवसा नाही. खरा सहसा जड असतो, पण हे कळल्यापासून आत लोखंडाचा तुकडा चिकटवणारेही निघालेत. पॉवर बँकेत वाळू सापडल्याचं तर तुम्हीही ऐकलं असेल.

एवढं सगळं सांगितलं, पण माझा स्वतःचा भरवसा यांतल्या कशावर सर्वांत कमी आणि कशावर सर्वांत जास्त आहे ते सांगतो. सर्वांत कमी खोक्यावर. सर्वांत जास्त बिलावर. खोकं तर शंभर टक्के खरं असू शकतं आणि आतला माल खोटा. भंगारवाल्याला विचारा, नावाजलेल्या शांपूची, तेलाची, बागेच्या औषधाची अख्खी बाटली, झाकणासकट, लेबल न फाटलेली, ती प्लॅस्टिकच्या भावाने जात नाही. ती नगावर जाते. माझ्या घरी बाटली टाकताना लेबलवर सुरी मारायची आणि झाकणाला भोक पाडायचं, असा नियमच आहे. बायको म्हणते, हे काय वेड. असू दे.

आणि माल खरा असूनही घेण्यासारखा नसतो, तेही असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं, निम्म्या पेठेची गोदामं बुडाली. त्यानंतर काही महिने पुसून, वाळवून, नवी तारीख मारलेला माल फिरत होता. कंपनीचाच माल, पण मेलेला. त्या काळात मी प्रत्येक पेटीचा वास घ्यायला शिकलो. चिखलाचा वास पुठ्ठ्यातून जात नाही, आणि तारीख पुसायला थिनर वापरलं असेल तर तोही नाकाला लागतो.

तर बिल. २२ टक्के स्वस्त, हीच तुमची पहिली तपासणी होती, आणि तिचा निकाल माल घ्यायच्या आधीच लागला होता. रागावू नका. चालणाऱ्या कंपनीच्या मालात माझ्यासारख्या एजन्सीला चार-पाच टक्के सुटतात. त्यातून डिझेल, पोरांचा पगार, उधारीचं व्याज. मी तुम्हाला फार फार तर दोन-तीन टक्के सोडेन, दिवाळीची स्कीम असली तर थोडं जास्त. एजन्सीच्या भावाखाली २२ टक्क्यांनी, म्हणजे माझ्या खरेदीच्याही बरंच खाली जो विकतोय, त्याने तो माल एकतर चोरलाय, नाहीतर घरी बनवलाय. तो म्हणतो, “माल एक नंबर हाय, बिलाचं काय घेऊन बसलाय, जीएसटी वाचतोय की तुमचा!” चार्जरचा १८ टक्के जीएसटी काढला तरी एकूण किमतीत पंधराएक टक्केच उतरतात. वरचे कुठून आले?

पक्कं बिल घेतलं तरी ते बघून घ्या. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पुढे दहा अक्षरं मालकाच्या पॅनची. पोर्टलवर ‘करदाता शोधा’मध्ये टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू की रद्द ते दिसतं, लॉगिनही लागत नाही. तुमची स्वतःची नोंदणी असेल तर आणखी सोपं: पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचा तक्ता, निघतो, त्यात ते बिल दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर संशय घ्या, बिलाचा कागद छापखान्यातून आला असेल, दुकानातून नाही. आणि बिलावर मालाचा बॅच किंवा सीरियल नंबर लिहून मागा. नकली विकणारा सगळं देईल, पण नंबर लिहून द्यायला हात आखडतो.

मला हे कसं कळलं? २००८ मध्ये मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ४० बंडलं वायर घेतली होती. बिल मागितलं तर त्याने पिवळ्या कागदावर चिठ्ठी दिली, वर ‘श्री’, खाली आकडा, नाव नाही गाव नाही. महिन्याभराने कंपनीची माणसं पोलीस घेऊन दुकानात आली. मी सांगत होतो की मी फसलोय, आणि ते खरंही होतं. पण दाखवायला काय, ती चिठ्ठी. दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसलो, शटरला पोरांनी कुलूप लावलं, पेठेत संध्याकाळपर्यंत बोभाटा. माल गेला तो गेला, पुढे दोन वर्षं तारखा. व्यापाऱ्याने फोनवर मला ओळखलंसुद्धा नाही.

म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने खोट्या चिन्हाचा माल विकणं किंवा विक्रीसाठी ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. त्याच कलमात विकणाऱ्याला सुटायची वाटही ठेवली आहे: मी सगळी योग्य काळजी घेतली होती, संशयाला जागा नव्हती, आणि विचारल्यावर माल कोणाकडून घेतला त्याची असेल ती सगळी माहिती दिली. म्हणजे गाडीवाल्याला पाठीशी घातलंत की तुमचं दार बंद. शिवाय आज तुम्हाला कळलंय. आजनंतर त्या १४ मधला एक जरी चार्जर विकलात तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय संपली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नकली मालाने गिऱ्हाइकाला गंभीर इजा झाली तर सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि जीव गेला तर सातपासून जन्मठेपेपर्यंत. भिंतीतल्या वायरच्या बाबतीत ही लांबची गोष्ट नाही. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर भरपाईसाठी विकणाऱ्यालाही धरता येतं, तेही लक्षात ठेवा.

आता करायचं काय, ते क्रमाने. आलेल्या गिऱ्हाइकाला पैसे परत द्या, आजच, आणि त्याच्याकडून चार्जर व सर्व्हिस सेंटरने काही लिहून दिलं असेल तर त्याचा फोटो घ्या. ज्यांना वायर विकलीत त्यांची नावं आठवून काढा. गावात एवढं अवघड नाही. वायरमनला विचारलंत तर कुठल्या घरात गेली ते तोच सांगेल. त्यांना स्वतः जाऊन सांगा, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी. तुम्हाला ते लाजिरवाणं वाटेल. मलाही एकदा वाटलं होतं, पण तेव्हा मी ज्यांना जाऊन सांगितलं त्यातली चार घरं आजही माझ्याकडूनच माल नेतात.

गाडीवाल्याला फोन करून शिव्या देऊ नका, माल परतही देऊ नका. तो माल उद्या जतला विकेल, आणि तुमच्या हातातला पुरावा जाईल. पैसे यूपीआयने दिले असतील तर तो व्यवहार डाउनलोड करून ठेवा, त्यात नाव असतं. गाडीचा नंबर समोरच्या कोणाच्या कॅमेऱ्यात असेल तर आताच काढून घ्या, बहुतेक कॅमेऱ्यांत जुनं रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. मग दोन्ही कंपन्यांना ईमेल करा: बॅच, सीरियल नंबर, फोटो, कधी कोणाकडून घेतला. कस्टमर केअरचा फोन पुरत नाही, लेखी उत्तर मागा. मोठ्या कंपन्यांकडे नकली मालामागे लागणारी वेगळी माणसं असतात, आणि त्यांना छोट्या दुकानदारात रस नसतो, गोदामात असतो. तुम्ही दुवा दिलात तर ते तुम्हाला साक्षीदार करतात. पोलिसांत जायचं तर कंपनीच्या माणसाबरोबर गेलेलं बरं. ट्रेडमार्कखाली वॉरंटाशिवाय झडती घ्यायची तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणून बऱ्याचदा वेष्टनावरच्या चित्राचा आधार घेऊन कॉपीराइट कायद्याखाली धाड पडते. ती वाट कंपनीच्या वकिलाला पाठ असते. आयएसआयच्या खोट्या चिन्हाची तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनही जाते. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तुमच्या गिऱ्हाइकालाही तोच द्या.

उरलेला माल विक्रीच्या फळीवरून काढून मागे एका पेटीत ठेवा, वर तारीख घालून ‘विक्रीसाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. एक चार्जर आणि एक बंडल मात्र सीलबंदच राहू द्या, तपासायला दुसरं वापरा. आणि ११ बंडलांचं एकेकाचं वजन करून वहीत लिहा, काट्यावरच्या आकड्याच्या फोटोसकट. माझ्या वेळी पंचनाम्यात फक्त नग मोजले होते, ‘वायर बंडल ४०’. त्यात तांबं किती होतं हे दोन वर्षांनी कोर्टात कोणालाच सांगता आलं नाही.